खाजकुयलीचं बी आणि पहिल्या वर्षाचा तास

सिल्वासात २०१९ साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आणि दादरा-नगर हवेलीतल्या मुलामुलींना घराजवळ राहून डॉक्टर होण्याची सोय झाली. नमो मेडिकल एज्युकेशन अँड रिसर्च इन्स्टिट्यूट असं त्याचं नाव, आणि श्री विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल त्याला जोडलेलं. अशा नव्या कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवणाऱ्यांबद्दल दोन समज हमखास ऐकू येतात. हा पहिल्या वर्षापुरता विषय, चयापचयाच्या सायकली पाठ करायच्या आणि पास झालं की विसरायच्या, हा पहिला. दुसरा असा की अल्झायमर, पार्किन्सन यांसारख्या मेंदू झिजवणाऱ्या आजारांवरचं संशोधन हे मुंबई-बंगळुरूच्या मोठ्या संस्थांचं काम. पहिल्या वर्षाच्या मास्तरांचा त्याच्याशी काय संबंध? दोन्ही समजांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे: मेंदूच्या आजाराचं संशोधन मेंदूपासूनच सुरू होतं. पार्किन्सनच्या औषधाचा इतिहास पाहिला तर ते टिकत नाही.

तो इतिहास आपल्याकडच्या रानातून जातो. खाजकुयलीच्या शेंगेची कूस अंगाला लागली की जीव नकोसा होतो, हे या पट्ट्यातल्या कुणालाही सांगायला नको. याच शेंगेच्या बियांमधून एम. दामोदरन आणि आर. रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी एल-डोपा हे द्रव्य वेगळं काढलं आणि १९३७ साली बायोकेमिकल जर्नलमध्ये त्याचा निबंध छापला. त्यांच्यासमोर कुणी कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सनचा, रोगी नव्हता. बियांमध्ये कोणतं अमिनो आम्ल आहे, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्याच वर्षी केंब्रिजमध्ये ब्लाश्को, रिश्टर आणि श्लॉसमन हे अॅड्रेनलिनसारखी द्रव्यं मोडणाऱ्या एन्झाइमवर काम करत होते. यातल्या डेरेक रिश्टर यांच्याबरोबर केंब्रिजमधल्या सुरुवातीच्या दिवसांत काम केलं ते कमला भागवत यांनी, म्हणजे पुढच्या कमला सोहोनींनी. नंतर त्यांनी वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असल्याचं दाखवलं, १९३९ मध्ये पीएचडी मिळवली, दिल्लीच्या लेडी हार्डिंजमध्ये आणि पुढे मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवलं, कडधान्यांवर आणि नीरेवर काम केलं. डाळ, नीरा, रानातली शेंग, यातलं काहीही न्यूरॉलॉजीच्या खात्यात बसत नाही. पण वीस वर्षांनी, १९५७ मध्ये, अर्विद कार्लसन यांनी सर्पगंधेतून मिळणारं रेसर्पिन देऊन निश्चल केलेल्या सशांना डोपा दिला आणि ते पुन्हा हलू लागले. १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्नीकिविच यांनी मृत रोग्यांच्या मेंदूत डोपामिन फार कमी असल्याचं मोजून दाखवलं. १९६७ मध्ये कोटझियस यांनी मात्रा हळूहळू वाढवत डोपा तोंडावाटे दिला, आणि उपचार रुळला. आज पार्किन्सनमध्ये सेलेजिलिन, रॅसाजिलिन ही जी औषधं दिली जातात, ती रिश्टर मंडळी ज्या एन्झाइमच्या मागे होती त्याच्याच एका प्रकाराला अडवतात.

आता पहिल्या वर्षाच्या तासाकडे येऊ. फळ्यावर एक ओळ असते: टायरोसिनपासून डोपा, डोपापासून डोपामिन, पुढे नॉरअॅड्रेनलिन आणि अॅड्रेनलिन. मुलं ती व्हायव्हासाठी घोकतात. पण पार्किन्सनच्या रोग्याला पडणारे निम्मेअधिक प्रश्न याच ओळीत सुटतात. डोपामिनची गोळी का देत नाहीत? कारण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. डोपा शिरतो, कारण मोठ्या अमिनो आम्लांसाठी असलेलं दार त्याला चालतं. पण त्या दाराशी जेवणातल्या प्रथिनांचीही रांग असते, म्हणून डाळ-दूध-मांस भरपूर असलेल्या जेवणाबरोबर घेतलेली गोळी कधी कधी लागू पडत नाही. गोळीत कार्बिडोपा कशाला? बाहेरच डोपाचं डोपामिन होऊन मळमळ, उलट्या होतात, ते रूपांतर थांबवायला. त्यामुळे डोपाची मात्राही पुष्कळ कमी पुरते. हे पाठांतर नव्हे, रोग्याच्या ताटापर्यंत पोचणारं ज्ञान आहे, आणि ते पहिल्यांदा कानावर पडतं ते बायोकेमिस्ट्रीच्या तासालाच.

इथे एक आक्षेप येणार, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही: औषध रानातच आहे, तर गोळी कशाला? आयुर्वेदात कपिकच्छू, म्हणजे हीच खाजकुयली, जुनीच आहे. २००४ मध्ये लंडनमध्ये आठ रोग्यांवर झालेल्या अभ्यासात बियांच्या पुडीच्या ३० ग्रॅम मात्रेचा परिणाम सरासरी ३५ मिनिटांत दिसला, नेहमीच्या गोळीचा सुमारे ६९ मिनिटांत, आणि पुडीचा परिणाम टिकलाही जास्त वेळ. म्हणजे वेलीत दम आहे. पण रोगी आठच होते, मात्रा एकेकच दिल्या होत्या, आणि पूड एकाच प्रमाणित दर्जाची होती. रानातल्या बियांत डोपाचं प्रमाण वेलीगणिक, मातीगणिक, हंगामागणिक बदलतं. गोळी चालू असताना गुपचूप पूडही घेणाऱ्याचा डोस दुप्पट होऊ शकतो. अनैच्छिक हालचाली, भास, रक्तदाब खाली जाणं, हे सगळं त्यातून होऊ शकतं. 'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार' हा समज इथे सरळ चुकीचा आहे, कारण पुडीत काम करणारा रेणू आणि गोळीतला रेणू एकच आहे. आणि दोन्हींपैकी काहीही आजार थांबवत नाही. मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरतच राहतात. औषध फक्त त्यांची उणीव भरून काढतं. इतक्या वर्षांत रोग बरा झाला नाही म्हणून संशोधन फुकट गेलं, असं म्हणणाऱ्यांनी एल-डोपाच्या आधीच्या रोग्यांची अवस्था एकदा वाचावी.

स्मृतिभ्रंशाबद्दलचा गैरसमज वेगळ्या जातीचा. तो शहरी, सुशिक्षित, दीर्घायुषी लोकांचा आजार, आणि गावातल्या म्हाताऱ्याला होतो ते नुसतं वय, असं मानलं जातं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के निघालं, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. शहरापेक्षा खेड्यात प्रमाण अधिक, शाळेचं तोंड न पाहिलेल्यांत त्याहून अधिक. वारली, कोकणा, धोडिया वस्त्यांच्या या मुलखाला तो आकडा परका नाही. त्यातही विसरभोळेपणाच्या काही रोग्यांत खरं कारण बी१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा मंदावलेलं थायरॉइड असतं, आणि वेळेत कळलं तर ते सुधारतं. हे निदान एमआरआयवर होत नाही. ते रक्ताच्या नळीत, बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये होतं.

तरीही कुणी म्हणेल, मोठ्या यंत्रांशिवाय सिल्वासात संशोधन होणार कसं? पार्किन्सनमध्ये मेंदूत साचणाऱ्या अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या गुठळ्यांची अणूपातळीवरची रचना इथे उलगडणार नाही, हे खरंच. पण संशोधन तेवढंच नसतं. पारशांचं उदवाडा सिल्वासापासून लांब नाही, आणि याच समाजातलं एक उदाहरण पाहा. मुंबईतल्या पारशी वसाहतींत नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन चौदा हजारांहून अधिक माणसांची पाहणी केली आणि १९८८ मध्ये पार्किन्सनचं प्रमाण लाखामागे ३२८ असल्याचं प्रसिद्ध केलं. त्या समाजात वृद्ध जास्त, म्हणून आकडा सरसकट देशाला लावता येत नाही. पण जगभर आजही तो उद्धृत होतो. त्यासाठी मुख्यत्वे प्रश्नावली, चालणारे पाय आणि तपासणारा डॉक्टर लागला.

खरी अडचण यंत्राची नाहीच, वेळेची आहे. लेक्चर, प्रॅक्टिकल, परीक्षा, रुग्णालयाचे रिपोर्ट यात अध्यापकाचा दिवस संपतो, आणि बढतीसाठी निबंध मोजले जातात तेव्हा वर्षानुवर्षं चालणाऱ्या पाहणीपेक्षा घाईचा छोटा निबंध परवडतो. सर्वेक्षणाला नैतिकता समितीची मंजुरी, न्यूरॉलॉजिस्ट आणि संख्याशास्त्रज्ञ लागतात, ते हाताशी नसतात. पण विसरभोळेपणाची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक वृद्धाचं बी१२ आणि टीएसएच (थायरॉइडची चाचणी), आणि कंपवाताच्या प्रत्येक रोग्याला 'घरी कुठली पूड चालू आहे का?' हा प्रश्न, एवढी नोंद दहा वर्षं एका साच्यात ठेवली, तर या पट्ट्याबद्दल आज कुठेच सहज न मिळणारी माहिती कॉलेजच्याच कपाटात जमेल.