वायुविश्लेषकाची जोडउपकरणे
बॉयलरच्या धुरात प्राणवायू किती उरला, हे वायुविश्लेषक दर्शवितो. परंतु हा धूर उष्ण, दमट व राखमिश्रित असतो. म्हणून त्याच्या मार्गात प्रथम गाळणी, नंतर शीतक व जलसापळा, त्यापुढे पंप आणि प्रवाहमापक क्रमाने जोडावेत. नळीला जलसापळ्याकडे उतार असावा.

पंपापूर्वीचा प्रत्येक सांधा हवाबंद हवा. तेथे फट राहिल्यास बाहेरील हवा आत ओढली जाते. तीत सुमारे २०.९ टक्के प्राणवायू असल्याने आकडा फुगतो. त्यावर विसंबून चालक भट्टीची हवा कमी करतो. इंधन अपुरे जळते व विषारी कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. यास्तव जोडणीनंतर शोषनळीचे तोंड बंद करून पंप चालवावा. प्रवाहमापक शून्यावर स्थिरावला, तरच सांधे निर्दोष समजावेत.