वर्गाचे संकेतस्थळ आणि दूरचा पालक : सास्तूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

शालेय शिक्षणात माहिती-तंत्रज्ञानाचा वापर हा विषय आता नवा राहिलेला नाही. तथापि 'शाळेचे संकेतस्थळ' आणि 'वर्गाचे संकेतस्थळ' या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा भेद पुरेसा लक्षात घेतला जात नाही. शाळेचे संकेतस्थळ संस्थेची ओळख करून देते. इमारत, पदाधिकारी, निकाल व सन्मानचिन्हे यांची छायाचित्रे त्यावर झळकतात. वर्गाचे संकेतस्थळ मात्र एका शिक्षकाचे, त्याच्या तीस-चाळीस विद्यार्थ्यांचे आणि त्यांच्या पालकांचे असते. या आठवड्यात वर्गात काय शिकवले, घरी काय करावयाचे आहे आणि जे मूल आले नाही त्याने काय करावे, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याने द्यावयाची असतात. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रकाराचा विचार धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील सास्तूर या गावाचा परिसर समोर ठेवून केला आहे.

परिसर आणि पालक

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या गावांपैकी सास्तूर हे एक होय. या भूकंपानंतरच्या पुनर्वसन कार्यक्रमात बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. नव्या वसाहतींची सरळ, रुंद रस्त्यांची आखणी शेतकरी कुटुंबाच्या राहणीला, गुराढोरांना आणि कडब्याच्या गंजीला सोयीची नव्हती, ही टीका पुढे अनेक अभ्यासकांनी केली. ज्याच्यासाठी बांधावयाचे त्याला आधी विचारावे, हे या भागाला सांगावे लागत नाही. संकेतस्थळ बांधणाऱ्याला मात्र ते सांगावे लागते.

येथील पालक कोण, हा म्हणूनच पहिला प्रश्न ठरतो. धाराशिव हा २०१८ मध्ये निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. शेती बहुतांशी पावसावर अवलंबून असल्याने जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. म्हणजे शाळेचे दुसरे सत्र जवळजवळ पूर्णपणे फडावर जाते. काही मुले आई-वडिलांबरोबर जातात, काही आजी-आजोबांजवळ गावी राहतात. स्थलांतरित मुलांसाठी शासनाने हंगामी वसतिगृहांची आणि शिक्षण हमी कार्डाची योजना केली आहे. कार्डामुळे मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येते. पण त्याच्या मूळ वर्गात कोणता पाठ चालू आहे, हे ते कार्ड सांगू शकत नाही. वर्गाचे संकेतस्थळ उपयोगी पडते ते नेमके या ठिकाणी.

कायद्याच्या दृष्टीनेही हा प्रश्न शिक्षकाच्या सौजन्याचा नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ नुसार पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व प्रगती यांची माहिती त्यांना देणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. सभेला यावयाचे तर पालक गावात हवा. जो पालक पाच महिने गावात नसतो, त्याच्यापुरते हे कर्तव्य कागदावरच राहते.

दवंडी आणि दप्तर

व्हॉट्सअ‍ॅपचा गट असताना संकेतस्थळ कशाला, असा आक्षेप येथे घेतला जाईल, आणि तो गैर नाही. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा राज्यातील असंख्य शिक्षकांनी याच साधनावर वर्ग चालू ठेवले. परंतु गटातील संदेश दवंडीसारखा असतो. ऐकला त्याने ऐकला. शुभेच्छांच्या आणि सुविचारांच्या ओघात मंगळवारचा गृहपाठ शुक्रवारी शोधूनही सापडत नाही, शिवाय प्रत्येकाचा दूरध्वनी क्रमांक सर्वांसमोर उघडा पडतो. संकेतस्थळ हे दप्तर आहे. तेथे नोंद तारखेनुसार राहते आणि तीन आठवड्यांनी पाहणाऱ्यालाही मिळते. दोहोंची सांगड घालणे सोयीचे : पान संकेतस्थळावर, दवंडी गटावर.

साधनाची उपलब्धता गृहीत धरून मात्र चालणार नाही. 'असर'च्या २०२१ च्या ग्रामीण सर्वेक्षणात देशभरातील ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. पण अशा घरांतीलही २६.१ टक्के मुलांना तो वापरावयास मिळत नव्हता. फोन कामाला जाणाऱ्या माणसाच्या खिशात असतो आणि मूल घरी असते. यावरून वर्गाच्या संकेतस्थळाचा खरा वाचक बहुधा विद्यार्थी नसून दिवसभराच्या तोडणीनंतर कोपीत बसून फोन उघडणारे आई-वडील आहेत, असे अनुमान निघते. रचना त्यांच्या सोयीने व्हावी.

रचनेचा विचार

अशा पालकासाठी आठवड्याला एकच पान पुरेसे आहे. वर तारीख, खाली विषयवार दोन-दोन ओळी, पाठ्यपुस्तकाचे पृष्ठ क्रमांक आणि एक छोटे काम, जे वही-पेन्सिलीवाचून काही करता येणार नाही असे नसावे. उसाची मोळी मोजणे, ट्रॉलीतील वजनाचा अंदाज करणे, हीही गणिताची कामेच आहेत. सरकते मथळे, संगीत, फिरणारी बोधचिन्हे ही सजावट टाळावी. ती पालकासाठी नसते, तपासणीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांसाठी असते.

भाराचा हिशेब शिक्षकाने एकदा स्वतः करून पाहावा. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट जागा घेते. दीड हजार चिन्हांचे पान म्हणजे जेमतेम साडेचार किलोबाइट. मोबाइलने काढलेले एक छायाचित्र सहज तीन-चार मेगाबाइटचे असते, म्हणजे अशा सात-आठशे पानांएवढे. फळ्याचे छायाचित्र टाकावयाचेच असेल तर ते लहान करून टाकावे. मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. जुन्या टंकांत तयार केलेला मजकूर तो टंक नसलेल्या फोनवर निरर्थक चिन्हांच्या रूपात उमटतो, आणि कागदाचे चित्र चढवले तर त्यातील शब्द शोधता येत नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा वाचनाचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील स्त्रियांची साक्षरता सुमारे ७० टक्के होती. मुलाच्या अभ्यासाची चौकशी करणारी आई वाचू शकेलच असे नाही. दर आठवड्याच्या पानाबरोबर शिक्षकाच्या आवाजातील मिनिटभराचे ध्वनिमुद्रण ठेवल्यास तीही या वर्गाची पालक होते. तांड्यावरील घरात गोरमाटी, सीमेलगतच्या गावांत कन्नड बोलली जाते. तेथे मोठ्या वर्गातील एखाद्या विद्यार्थिनीकडून तेच निवेदन घरच्या भाषेत करून घेता येईल. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी छापील पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या भाषेचाही विचार केला. २०२० च्या जागतिक शिक्षक पुरस्काराने हे काम सर्वत्र पोचले. त्यातील तंत्राची चर्चा पुष्कळ झाली, भाषेची तेवढी झाली नाही.

काय ठेवू नये

मुलांची पूर्ण नावे, गुण, आधार क्रमांक, आजारपण, जातीचा वा शिष्यवृत्तीचा तपशील सर्वांना दिसणाऱ्या पानावर ठेवू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानून तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकाची पडताळता येणारी संमती आवश्यक ठरविली आहे. मुलींची छायाचित्रे तर संमती मिळाली तरी टाकण्याची घाई करू नये. कायदा नसता तरी हे पाळावे लागले असते. गावात चौथीतील एखाद्या मुलाचे गणित कच्चे आहे ही बातमी फार लवकर फिरते. ज्याची त्याची प्रगती ज्याच्या त्याच्या पालकाला फोनवर सांगावी.

सातत्य

बहुतेक संकेतस्थळांचा मृत्यू तंत्रामुळे नव्हे, बदलीमुळे होतो. शिक्षकाच्या खाजगी खात्यावर उघडलेले संकेतस्थळ शिक्षकाबरोबर जाते. म्हणून खाते शाळेच्या नावाने असावे आणि त्याची परवलीची नोंद मुख्याध्यापकांच्या दप्तरी राहावी. मोफत सेवाही कायमची नसते : जिओसिटीज २००९ मध्ये, तर शिक्षकांत लोकप्रिय असलेली विकीस्पेसेस २०१८ मध्ये बंद झाली आणि जतन न केलेली वर्गांची पाने त्यांच्याबरोबर गेली.

अध्यापक महाविद्यालयांनी येथे आत्मपरीक्षण करणे योग्य ठरेल. २०१४ च्या नियमावलीनंतर बी.एड. अभ्यासक्रमात माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानाची चिकित्सक जाण हा घटक आला. त्याखाली छात्राध्यापकाने संकेतस्थळ तयार केले, तर गुण मिळाल्यावर ते कोणी उघडत नाही. त्याऐवजी छात्राध्यापकाने प्रथम तीन पालकांची भेट घ्यावी, त्यांपैकी एक तरी हंगामी स्थलांतर करणारा असावा, त्यांच्या प्रश्नांवरून एक पान तयार करावे आणि सराव पाठ संपताना ते त्या वर्गाच्या शिक्षकाच्या स्वाधीन करावे, अशी अट घालता येईल.

प्रत्येक पानाची एक छापील प्रत शाळेच्या फलकावर लावून पुढे फाइलमध्ये ठेवावी. उन्हाळ्याच्या तोंडाशी टोळी परतली की शिक्षकाने ही वीस-बावीस पाने मुलासमोर ठेवावीत, फडावर झालेल्या कामावर खूण करून घ्यावी आणि उरलेल्या पानांपासून त्याचा अभ्यास सुरू करावा.