मोटार चालविण्याची परीक्षा व तिची तयारी

शाळेचा निरोप घेतल्यावर आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस जी पहिली परीक्षा स्वखुशीने द्यावीशी वाटते, ती पुस्तकांची नसते. ती आरटीओच्या मैदानावर मोटार अथवा दुचाकी चालवून दाखविण्याची असते. शाळेच्या परीक्षेसाठी वर्षभर खपणारा विद्यार्थी या परीक्षेस मात्र दोन-चार संध्याकाळच्या सरावावर सामोरा जातो, किंवा दलालाच्या हाती पैसे ठेवून मोकळा होऊ पाहतो. हे दोन्ही मार्ग का सोडावेत व खरी तयारी कशी करावी, हे येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम वयाचा प्रश्न. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालविण्यास वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. सोळाव्या वर्षानंतर जी सवलत आहे, ती केवळ ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीपुरती आहे. घरोघरी दिसणारी बिनगिअरची स्कूटर बहुधा याहून दुपटीने मोठ्या इंजिनाची असते. ‘गिअर नाही, म्हणजे मुलाने चालविली तरी चालेल’ ही समजूत म्हणून निराधार होय.

वय झाल्यावर प्रथम शिकाऊ परवाना काढावा. त्याची मुदत ६ महिन्यांची असते व तो हाती आल्यापासून निदान ३० दिवस लोटल्याशिवाय पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. हे ३० दिवस वाट पाहण्याचे नसून शिकण्याचे आहेत. या काळात गाडीस पुढे व मागे पांढऱ्या पाटीवर तांबडे ‘एल’ अक्षर लावावे, आणि पक्का परवाना असलेली शिकविणारी व्यक्ती शेजारी बसलेली असल्याखेरीज मोटार हलवू नये.

आता प्रत्यक्ष परीक्षेकडे वळू. उमेदवाराने काय काय करून दाखवावे, हे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांपैकी पंधराव्या नियमात सांगितले आहे. त्यात आरसा नीट लावून घेणे हे गाडी सुरू करण्यापूर्वीचे काम मोजले आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आसनावर बसताच आसन पुढेमागे सरकवून घेणे, आरसे लावणे, पट्टा बांधणे, गिअर मोकळा आहे की नाही हे पाहणे, आणि मगच किल्ली फिरविणे, हा क्रम रोजच्या सरावात मोडू देऊ नये. जे रोज केले नाही, ते निरीक्षकासमोर आठवत नाही.

दुचाकीच्या उमेदवारास बहुधा इंग्रजी आठच्या आकड्याची वाट पाय न टेकता पार करावयास सांगतात. येथे नवशिक्याची नजर पुढच्या चाकावर खिळते आणि तोल जातो. नजर नेहमी जेथे जावयाचे आहे त्या वळणाकडे असावी. वेग कमी पण एकसारखा ठेवावा आणि मागचा ब्रेक हलकेच वापरावा. हेल्मेट डोक्यावर असलेच पाहिजे, व त्याचा पट्टाही बांधलेला पाहिजे.

मोटारीच्या उमेदवारास अनेक ठिकाणी ‘एच’ अक्षराच्या वाटेवरून गाडी पुढे व मागे न्यावी लागते. मागे येताना घाई हाच शत्रू. क्लच अर्धवट दाबून गाडी मुंगीच्या पावलांनी येऊ द्यावी, आरशांवर विसंबून न राहता मान वळवून मागे पाहावे, आणि अंदाज चुकतो असे वाटल्यास थांबून विचार करावा. चढावर गाडी थांबवून पुन्हा सुरू करताना हँडब्रेक ओढलेला ठेवावा. क्लच सावकाश सोडताना गाडी पुढे ओढ घेऊ लागली म्हणजे हँडब्रेक सोडावा. असे केल्यास गाडी मागे घसरत नाही.

मैदान जिंकले म्हणजे रस्ता जिंकला असे नव्हे. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात १० मीटर पुढे जाते. समोर मूल धावत आले, तर ते दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच सुमारे एक सेकंद जातो. गाडी थांबू लागते ती त्यानंतर. शिवाय वेग दुप्पट केला म्हणजे ब्रेक लावल्यानंतरचे अंतर दुप्पट न होता चौपट होते. आमचे विज्ञानाचे विद्यार्थी हा नियम वहीत लिहितात. रस्त्यावर तो स्मरणात राहील तरच त्या शिकण्याचे सार्थक झाले.

परीक्षेच्या दिवशी शिकाऊ परवान्याची मूळ प्रत आणि गाडीची नोंदणी, विमा व प्रदूषण तपासणी यांचे कागद बरोबर ठेवावेत. निरीक्षकाची सूचना कळली नाही, तर नम्रपणे पुन्हा विचारावी. अपयश आल्यास ७ दिवसांनंतर पुन्हा परीक्षा देता येते. तीन वेळा अपयश आल्यास मात्र ६० दिवस थांबावे लागते. नापास होण्यात लाज नाही. ज्या उणिवेने उद्या कोणाचा प्राण गेला असता, ती आज मैदानावर उघडी पडली, हा लाभच समजावा.

शेवटी पालकांस दोन शब्द. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडल्यास पालक अथवा मालक यांस ३ वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते, आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. परंतु केवळ दंडाच्या भयाने सावध राहावे, असे आमचे म्हणणे नाही. दलाल परवाना आणून देईल. वळणावर गाडी आवरणारा हात आणून देणार नाही. निरीक्षक काही मिनिटेच परीक्षा घेतो. त्यानंतर रस्ता ओलांडणारी प्रत्येक म्हातारी व शाळेस निघालेले प्रत्येक मूल ती जन्मभर घेत राहते. त्या परीक्षेत आमचा एकही विद्यार्थी अनुत्तीर्ण होऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे.