चित्राखालची सही

गेल्या दोन-तीन दिवाळ्यांत वाचनालयाच्या टेबलावर मांडलेले अंक चाळताना जुन्या वाचकांना काहीतरी खटकू लागले आहे. मुखपृष्ठावर बाई असते, पणती असते, मागे वाडा असतो, रंगही झळाळते असतात. मग नजर तपशिलावर जाते. नऊवारीचा काष्टा कुठून निघाला आणि कुठे खोचला याचा पत्ता लागत नाही. हाताची बोटे पणतीतच विरघळलेली असतात. मागच्या दुकानाच्या पाटीवर देवनागरीचा भास होतो, पण एक अक्षर वाचता येत नाही. आत श्रेयनामावलीत ‘मुखपृष्ठ’ या शब्दापुढे चित्रकाराचे नाव नसते. संगणकाला चार ओळींची सूचना देऊन मिळवलेले ते चित्र असते. सगळेच अंक असे नाहीत, निगुतीने चित्रे काढून घेणारे संपादक अजून आहेत. पण ज्या भाषेत दिवाळी अंक हा घराघरातला वार्षिक सोहळा झाला, तिथे ही पळवाट इतक्या लवकर रुळावी याचे दुःख मोठे आहे.

याच भाषेत १९४५ साली एका चित्रकाराने स्वतःचा दिवाळी अंक काढला होता. चित्रकार दीनानाथ दलाल, अंक ‘दीपावली’. त्याला आता ८० वर्षे होऊन गेली. संपादक तोच, चित्रकार तोच, स्टुडिओही त्याचाच. मराठीत चित्रकाराच्या नोकरी-धंद्याचा इतिहास लिहायचा तर मधला टप्पा इथेच उभारावा लागेल.

त्याच्या मागचा काळ थोडक्यात आटोपता येतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि प्रथा पडली. महादेव विश्वनाथ धुरंधरांसारखे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले मोठे चित्रकार पुस्तकांसाठी आणि जाहिरातींसाठी चित्रे काढत होते. ते काम सुबक होते, पण बहुतेक वेळा मजकुराच्या बाजूला नम्रपणे उभे राहणारे होते. कथेच्या पानावर कथेइतक्याच हक्काने बसणारे चित्र अजून यायचे होते.

दलाल ३० मे १९१६ रोजी मडगावात जन्मले. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता आणि मराठी छापखाने, मासिके, जाहिरातदार, कॅलेंडरवाले यांचा मोठा बाजार मुंबईत गिरगावच्या आसपास होता. चित्रावर पोट भरायचे तर मुंबई गाठणे भागच होते. केतकरांच्या कलासंस्थेत शिकून दलालांनी १९३७ साली जी. डी. आर्ट ही पदविका मिळवली आणि पुढे केनेडी पुलाजवळ दलाल आर्ट स्टुडिओ सुरू झाला. युद्धाची वर्षे धंदा उभा करण्यात गेली. त्या वर्षांतले काम पोटापाण्याचे होते. त्यावर रेंगाळण्याचे कारण नाही.

रेंगाळायचे ते १९६० ते १९७० या दशकावर. ज्यांचे शाळा-कॉलेजचे दिवस त्या दशकात गेले, त्यांच्या डोळ्यांना वळण लावले ते या चित्रांनी. मुंबईत दूरदर्शन आले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्याआधीच्या या दशकात मध्यमवर्गीय घरात रंगीत चित्र येई ते मुख्यतः दोन वाटांनी: भिंतीवरच्या कॅलेंडरातून आणि दिवाळी अंकातून. महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते. १९६२ साली ‘स्वामी’ ही कादंबरी आली, १९६७ साली ‘मृत्युंजय’ आली. इतिहास-पुराणातली माणसे वाचकांच्या मनात पुन्हा चालू-बोलू लागली. त्यांना चेहरे कोण देणार, हा प्रश्न चित्रकारांकडेच येत होता. बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या ‘राजा शिवछत्रपती’तली दलालांची चित्रे पाहिलेल्या वाचकाला शिवकाळ आठवताना आधी ती चित्रेच आठवतात. गडाची उतरण, मावळ्याच्या अंगावरच्या कपड्याची चूण, घोड्याची वळलेली मान या गोष्टी वाचकाने दलालांच्या कुंचल्यातून उचलल्या आणि नंतर त्या स्वतःच्याच कल्पनेतल्या म्हणून जपल्या.

हे काम कोणत्या तंत्रात व्हायचे हे आज सांगितल्याशिवाय कळणार नाही. मजकूर खिळ्यांनी जुळवलेला असे. रेखाचित्राचा जस्ताचा लाइन ब्लॉक बनवायचा, तो लाकडी ठोकळ्यावर खिळ्यांच्या उंचीला ठोकायचा आणि मजकुराबरोबरच छापायचा. चित्र मोठे काढायचे, ब्लॉकमेकर कॅमेऱ्याने ते लहान करणार. लहान होताना बारीक रेघ तुटते, जवळजवळ काढलेल्या रेघा शाईने एकमेकींत भरतात, वर कागद हलका. म्हणून हात चालवतानाच हिशेब ठेवावा लागे की ही रेघ निम्मी झाल्यावर जगेल का. रंगीत मुखपृष्ठासाठी तिरंगी हाफटोन ब्लॉक लागत. पिवळा, तांबडा, निळा असे ठसे एकावर एक बसत आणि बहुधा चौथा काळा. एखादा ठसा केसभर सरकला की नायिकेचे ओठ दुहेरी होत. आर्टपेपर महाग, ब्लॉक महाग, म्हणून रंगाची पाने मोजकीच असत आणि ती सांभाळून वापरावी लागत.

त्या अडचणीतूनच दलालांची रेघ घडली, असे त्यांचे छापील काम पाहताना वाटते. त्यांच्या रेघेत भारतीय लघुचित्रांचा लवचीकपणा आहे आणि शरीररचनेचे पाश्चात्त्य शिस्तीचे भानही आहे. कुंचल्याची एक ओघवती रेघ पाठीच्या कण्यावरून उतरत पदरात मिसळते आणि मधली सगळी जागा कोरी असते. ती कोरी जागा छापखान्याला सोयीची होती आणि नजरेलाही. रंगीत मुखपृष्ठावर तोच माणूस अपारदर्शक रंगांचे सपाट, भरघोस पट्टे टाकायचा. अक्षरेही पुष्कळदा स्वतःच रेखायचा. त्यामुळे शीर्षक चित्रावर नंतर चिकटवल्यासारखे दिसत नसे. कोपऱ्यात देवनागरीत ‘दलाल’ अशी सही.

पण खरा मुद्दा तंत्राच्या पलीकडचा आहे. कथाचित्र काढणारा माणूस कथेच्या सुरुवातीच्या वाचकांपैकी एक असे. कोणत्या क्षणाचे चित्र काढायचे हे ठरवण्यासाठी सगळी कथा वाचावी लागते. शेवट फुटता कामा नये, तरी वाचक थांबला पाहिजे. नायिका विधवा आहे की सवाष्ण, कोकणातली की देशावरची, लुगडे कसे नेसेल, चुलीशी कशी बसेल, हे लेखकाने लिहिलेले नसले तरी चित्रकाराला ठरवावेच लागते. दलाल तर संपादकही होते. आलेली कथा घ्यायची की नाही हे ठरवणारा आणि तिचे चित्र काढणारा माणूस एकच असल्याने ‘दीपावली’तल्या चित्रात आणि मजकुरात वेगळाच घरोबा दिसतो. यंत्राला कथेतला एक परिच्छेद देता येतो, हवी तर सगळी कथाही देता येते; पण चुलीशी बसलेली बाई कधी पाहिलेलीच नसेल, तर ती कशी बसते हे कुठून कळणार?

त्या दशकाची श्रीमंती एकट्या दलालांची नव्हती. गोव्याचेच रघुवीर मुळगावकर हे दलालांपेक्षा दोन वर्षांनी लहान, आणि रंगाच्या मोहिनीत त्यांचा हात धरणारा नव्हता. फवाऱ्याने रंग मारून आणलेली त्वचेची ती मऊ झळाळी, देवादिकांची कॅलेंडरे आणि तितक्याच सराईतपणे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठे. सकाळी ज्या हाताने काढलेल्या लक्ष्मीला कुंकू लागायचे, त्याच हाताने काढलेला पिस्तूलधारी नायक झुंजार दुपारी मुलांच्या दप्तरात लपायचा. मुळगावकरांनीही पुढे स्वतःचे दिवाळी अंक काढले. हा योगायोग नाही. कागद, ब्लॉक आणि छपाई आपल्या ताब्यात असल्याशिवाय चित्राची आबाळ थांबत नाही, हे दोघांनाही कळले होते.

वसंत सरवटे तिसऱ्याच वाटेने गेले. कोल्हापूरचा हा स्थापत्य अभियंता एसीसी या सिमेंट कंपनीत नोकरी करून चित्रे काढत राहिला. पगाराची भाकरी असल्याने पटत नसलेले काम नाकारण्याची मोकळीक त्यांना होती. १९६४ साली ‘ललित’ मासिक सुरू झाले, त्यातल्या सदरातून जयवंत दळवींचा ‘ठणठणपाळ’ आला आणि सरवट्यांनी त्याला रूप दिले. पु. ल. देशपांड्यांच्या पुस्तकांतली त्यांची चित्रे विनोदाची पुनरुक्ती करत नाहीत, त्याच्या शेजारी आपला वेगळा विनोद मांडतात. तिकडे ‘मौज’ आणि ‘सत्यकथा’च्या पानांवर बाळ ठाकूर मोजक्या रेघांत अख्खी मनःस्थिती उभी करत होते. मधुकर पाटकरांच्या ‘आवाज’ या दिवाळी अंकामध्ये पान कापून खिडकी पाडलेली चित्रे होती. त्या खिडक्यांना चावट म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी त्यामागचे मांडणीचे कसब कधी पाहिले नाही.

नाके मुरडणाऱ्यांचाही हिशेब व्हायला हवा. त्या काळच्या कलाचर्चेत ‘कॅलेंडर आर्ट’ ही जवळजवळ शिवी होती. १९४७ साली मुंबईत चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह गट उभा राहिला, १९५२ साली जहांगीर आर्ट गॅलरी झाली. फ्रेममध्ये टांगलेले ते चित्र आणि ब्लॉक करून छापलेली ती सजावट, अशी विभागणी पक्की झाली. चित्रकार हुसेन यांनी तरुणपणी सिनेमाची होर्डिंगे रंगवली ही गोष्ट त्यांच्या मोठेपणाच्या कथेत कौतुकाने सांगितली जाते. दलालांची हजारो घरांत पोहोचलेली मुखपृष्ठे मात्र त्यांच्या चित्रकार असण्याला बाध आणणारी मानली गेली. त्यांची निसर्गचित्रे, सुरीने रंग थापून केलेले प्रयोग यांकडे गंभीरपणे पाहणारे थोडेच निघाले. लोकांना आवडते म्हणजे उथळ असणार, या आळशी समजुतीने मराठी चित्रकलेच्या इतिहासातला एक भलामोठा भाग कोरा ठेवला आहे.

साहित्यवाल्यांनीही काही कमी केले नाही. कथेचे पुस्तक झाले की अंकातली चित्रे गळत. नव्या आवृत्तीला नवे मुखपृष्ठ येई आणि जुन्या चित्रकाराचे नाव श्रेयाचे पान सोडून निघून जाई. मराठीचे विद्यार्थी साठच्या दशकातल्या कथांवर प्रबंध लिहितात, पण त्या कथा ज्या चित्रांसह पहिल्यांदा वाचल्या गेल्या ती चित्रे त्यांनी पाहिलेलीच नसतात. वाचनालयांनी अंकांना पुठ्ठ्याची बांधणी करताना वरचे कव्हर काढून टाकले. अंक टिकला आणि त्याचा चेहरा गेला.

१५ जानेवारी १९७१ रोजी दलाल गेले. वय अवघे ५४. मुळगावकर मार्च १९७६ मध्ये गेले. ‘दीपावली’ पुढे मॅजेस्टिकच्या कोठावळ्यांनी चालवला. कुटुंबीयांनी दलालांची चित्रे जपली, त्यांची प्रदर्शने केली. नंतरची वर्षे भराभर उलटावीत अशीच आहेत. ऑफसेट आले, छपाई सोपी झाली आणि मुखपृष्ठावर सिनेनट्यांची छायाचित्रे आली. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडले. नव्वदीत संगणक आला आणि तयार चित्रांच्या सीडीतून उचललेली पणती अंकाअंकांतून फिरू लागली. आजचे यंत्रचित्र आकाशातून पडलेले नाही. त्याची सवय तेव्हाच लागली होती. तरीही सुभाष अवचट, चंद्रमोहन कुलकर्णी यांच्यासारख्यांनी मुखपृष्ठाची शान राखली. बालभारतीने नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू केलेले ‘किशोर’ मासिक आजही चित्रकारांना काम देते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर चित्रांसकट वाचायला मिळतात. सरकारी संस्थेला जे जमले ते खाजगी अंकांना का जमू नये?

पैशाचे कारण पुढे केले जाते. जाहिराती घटल्या, कागद महागला, हे खरेच आहे. पण चित्रकाराच्या मोबदल्याची कात्री सगळ्यात आधी लागते, हे जुने दुखणे आहे. चित्राचे पैसे एकदा मिळत; ते पुन्हा कुठे छापले गेले तर कळतही नसे, आणि मूळ चित्र ब्लॉकमेकरकडून परत येईलच याचा भरवसा नसे. १९५७चा कॉपीराइट कायदाही चित्रकाराच्या बाजूने पुरता उभा नाही. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा ठरतो. करार करायची रीत आपल्याकडे कधी पडलीच नाही. चित्र आपले आहे असे सांगण्याचा हक्क मात्र कलम ५७ मध्ये स्वतंत्रपणे दिलेला आहे. तो पाळायला जास्तीचा पैसा लागत नाही, पानावर एक ओळ लागते.

कायद्याने दिलेली निधनोत्तर ६० वर्षांची मुदत दलालांच्या बाबतीत २०३१ अखेर संपेल आणि मुळगावकरांच्या बाबतीत २०३६ अखेर. त्यानंतर त्यांची चित्रे कोणालाही छापता येतील, चहाच्या कपावर आणि मोबाइलच्या कव्हरवरही. अंकाचे नाव, वर्ष, कथा, लेखक आणि चित्रकार अशी नोंद केलेली नीट सूची त्याआधी झाली नाही, तर सही कापलेल्या प्रतीच बाजारात फिरतील आणि त्याच यंत्रांना पुरवल्या जातील. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या संस्थांत त्या काळच्या मासिकांचे साठे आहेत. त्यांतले कव्हरासकट शाबूत अंक किती, हे मोजण्यापासून सुरुवात करावी लागेल. हे काम दिवाळी अंकांच्या संपादकांनी एकत्र येऊन अंगावर घ्यायला हवे, कारण ज्यांच्या जिवावर त्यांचा वाचक तयार झाला, त्यांचेच हे देणे आहे.