वेतन आणि मानधन

सरकारी तिजोरीतून कामाचा मोबदला दोन नावांनी दिला जातो: वेतन आणि मानधन. सातव्या वेतन आयोगानुसार जानेवारी २०१६ पासून केंद्रीय कर्मचाऱ्याचे किमान मूळ वेतन १८,००० रुपये, तर मंत्रिमंडळ सचिवांचे अडीच लाख रुपये झाले. हे अंतर सुमारे चौदा पटींचे. ते योग्य की अयोग्य याचा वाद तरी आयोगापुढे घालता येतो.

अंगणवाडी सेविकेला तीही सोय नाही. १९७५ मध्ये सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना तिच्याच बळावर चालते. तथापि, ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने तिला ठरवून दिलेले मानधन ४,५०० रुपये. त्यात राज्ये आपापली भर घालतात. त्यामुळे एकाच कामाचे मोल राज्यागणिक बदलते. ती 'मानसेवी', म्हणून केंद्राच्या मानधनावर महागाई भत्ता नाही.

भारतीय श्रम परिषदेने २०१३ मध्ये योजना-सेविकांना कामगार मानण्याची शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अंगणवाडी सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. केंद्राची व्याख्या मात्र कायम राहिली. कारण उघड आहे: कर्मचारी म्हटले, की सुमारे तेरा लाख सेविकांचे वेतन व निवृत्तिलाभ यांचे दायित्व येते.

न्या. रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली २०२५ मध्ये आठवा वेतन आयोग नेमला गेला. त्याच्या कार्यकक्षेत सेविका नाहीत. मोबदल्यातील खरी दरी कौशल्याने नव्हे, तर कोणाचे नाव कोणत्या यादीत आहे, यानेच पडते.