विश्लेषण : रासायनिक हल्ल्याचा पुरावा मातीत चार वर्षे कसा टिकला?

हल्ल्यात वापरलेले विषारी रसायन बघता बघता विरून जाते. तरीही इराकमधील एका कुर्द गावात जवळपास चार वर्षांनी गोळा केलेल्या मातीत त्याचा पुरावा सापडला. हे कसे शक्य झाले?

बिरजिन्नीत काय घडले?

२५ ऑगस्ट १९८८ रोजी उत्तर इराकमधील बिरजिन्नी गावावर विमानांतून बॉम्बहल्ला झाला. सद्दाम हुसेन राजवटीची कुर्दांविरोधातील ‘अनफाल’ मोहीम तेव्हा सुरू होती. इराकने रासायनिक अस्त्रे वापरल्याचा इन्कार केला आणि संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनाही प्रवेश नाकारला. आखाती युद्धानंतर हा भाग कुर्दांच्या ताब्यात आला. त्यामुळे जून १९९२ मध्ये मानवी हक्क संघटनांच्या पथकाला तेथील माती आणि बॉम्बचे तुकडे गोळा करता आले. ब्रिटनच्या पोर्टन डाउन प्रयोगशाळेत त्यांची तपासणी झाली.

प्रयोगशाळा नेमके काय शोधते?

मूळ विषापेक्षा त्याचे अवशेष. सरीन हे मज्जासंस्थेवर आघात करणारे रसायन ओलाव्यामुळे विघटित होते. त्यातून आधी ‘आयएमपीए’ आणि नंतर ‘एमपीए’ ही आम्ले तयार होतात. एमपीएमधील कार्बन-फॉस्फरस बंध सहजासहजी तुटत नाही, म्हणून ते वर्षानुवर्षे टिकते. एमपीए व्हीएक्ससारख्या इतर विषांपासूनही बनते. आयएमपीए मात्र सरीनकडे बोट दाखवते. मस्टर्ड गॅसपासून थायोडायग्लायकॉल बनते. पण ते शाई व रंगांच्या उद्योगातही वापरले जाते. त्यामुळे ते एकटे सापडले तर पुरावा पक्का ठरत नाही.

तपासणी कशी होते?

मातीतील रसायने आधी द्रावकात उतरवली जातात. ही आम्ले सहज वाफ होणारी नसल्याने त्यांच्यावर रासायनिक प्रक्रिया करावी लागते. मग गॅस क्रोमॅटोग्राफ मिश्रणातील घटक वेगळे करतो आणि मास स्पेक्ट्रोमीटर रेणूंचे तुकडे करून त्यांचे वजन मोजतो. प्रत्येक रसायनाच्या तुकड्यांचा नमुना ठरलेला असतो, बोटांच्या ठशासारखा. एक अब्जांश प्रमाण, म्हणजे एक टन मातीत एक मिलिग्रॅम अंशही अशा तपासणीत सापडू शकतो.

निष्कर्ष काय निघाला?

मातीच्या सहा नमुन्यांत मस्टर्ड गॅस किंवा थायोडायग्लायकॉल आणि अन्य सहा नमुन्यांत सरीनचे अवशेष आढळले. रंग दिलेल्या धातूच्या एका तुकड्यावर तर मूळ सरीनचाच अंश होता. हल्ल्यानंतर घेतलेल्या पर्यावरणीय नमुन्यांत मज्जासंस्थेवरील विषाचे अवशेष निर्विवादपणे ओळखल्याची ही पहिली नोंद ठरली. गावकऱ्यांच्या साक्षीला विज्ञानाचा आधार मिळाला.

या पद्धतीची मर्यादा कोणती?

कोणते विष वापरले हे माती सांगते; ते कोणी टाकले हे नाही. त्यासाठी साक्षी आणि कागदपत्रे लागतातच. नमुना कोणाच्या हातून कुठे गेला, याची अखंड नोंदही हवी. १९९७ मध्ये अमलात आलेल्या रासायनिक अस्त्रबंदी करारानुसार असे नमुने एकाहून अधिक मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे तपासले जातात. भारतात ग्वाल्हेरच्या ‘डीआरडीई’ या संरक्षण संशोधन संस्थेत या तपासणीचे तंत्र विकसित झाले आहे.