उडान योजना: छोट्या विमानात बसण्यापूर्वी तुमचे वजन का विचारतात?

उडान योजनेचे तिकीट घेऊन तुम्ही गाझियाबादच्या हिंडन विमानतळावर पोहोचलात आणि काउंटरवर सामानासोबत तुमचेही वजन विचारले, तर संकोच करू नका. सवलतीचे तिकीट आहे म्हणून हा प्रश्न विचारला जात नाही. पूर्ण भाडे भरणाऱ्यालाही तोच प्रश्न असतो.

कारण विमान लहान आहे. हिंडनहून ऑक्टोबर २०१९ मध्ये पिथोरागडला निघालेले पहिले प्रवासी विमान ९ आसनी होते. २०२३ मध्ये लुधियानासाठी १९ आसनी विमान सुरू झाले. मोठ्या विमानात १८० प्रवासी असतात. कोणी जड, कोणी हलके, त्यामुळे सरासरी जमून जाते. १९ जणांत ती जमेलच असे नाही. प्रत्येकाने ५ किलो कमी सांगितले तर ९५ किलोंची चूक होते, म्हणजे वैमानिकाला न कळता एक जास्तीचा माणूसच विमानात बसतो.

वजन वाढले की उड्डाणासाठी धावपट्टी जास्त लागते आणि विमान सावकाश वर चढते. उन्हाळ्यातली तापलेली हवा आणि डोंगरावरची हवा विरळ असते, तेथे अडचण आणखी वाढते. २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला-दिल्ली मार्गावर उडानची सुरुवात झाली. शिमल्याची धावपट्टी उंचावर आहे आणि आखूडही. त्यामुळे चाळीसहून अधिक आसनांच्या त्या विमानात दिल्लीहून जाताना सुमारे ३५ आणि परतताना सुमारे १५ प्रवासीच घेता येतील, असा हिशेब होता. म्हणून आसने रिकामी दिसत असूनही ‘जागा नाही’ असे उत्तर मिळाले, तर ते खोटेच असेल असे नाही.

तोल म्हणजे काय?

बैलगाडीत मागे जास्त भार टाकला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. विमानाचेही तसेच होते. मागे भार वाढला की नाक वर जाऊ लागते, आणि ते खाली दाबायला शेपटीचे पंख अपुरे पडू शकतात. साडेपाच टनांच्या विमानात ८० किलोचा एक माणूस पुढून पाच मीटर मागे जाऊन बसला, तर तोलाचा बिंदू सुमारे ७ सेंटिमीटर सरकतो. या बिंदूला सरकायला मुभा असते ती मोजक्याच इंचांची. तेव्हा खिडकीसाठी किंवा सोबत बसण्यासाठी परस्पर जागा बदलू नका, आधी विचारा.

८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेत शार्लट येथे १९ आसनी बीचक्राफ्ट विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. २१ जण गेले. देखभालीत शेपटीच्या नियंत्रणाची जोडणी चुकली होती, आणि भारही मर्यादेपलीकडे मागे होता. कागदावर मात्र सगळे बरोबर होते, कारण प्रवाशांचे धरलेले सरासरी वजन जुने होते. त्यानंतर तेथे ही सरासरी वाढवण्यात आली. (याच प्रकारचे विमान डिसेंबर २०१७ पासून उडानखाली मुंबई-जळगाव मार्गावर धावले, म्हणून हे उदाहरण आपल्याला दूरचे नाही.)

तुम्ही काय करावे?

अंगावरच्या कपड्यांसह खरे वजन सांगा. चारचौघांत सांगायचे नसेल तर कागदावर लिहून द्या, कर्मचाऱ्याला फक्त आकडा हवा असतो. खांद्यावरची पिशवी, शाल-स्वेटरचे गाठोडे, सफरचंदाची पेटी, सगळे काट्यावर ठेवा. मोफत सामानाची मर्यादा तिकिटावर पाहा, छोट्या विमानात ती कमी असू शकते. बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर नेणार असाल तर तिकीट काढतानाच कळवा.

कन्फर्म तिकीट असूनही वजनाच्या कारणाने थांबवले, तर कारण लेखी मागा. तिकिटे जास्त विकल्यामुळे प्रवासी मागे ठेवले, तर त्यासाठी डीजीसीएचे भरपाईचे नियम आहेत, म्हणून नोंदवलेले कारण महत्त्वाचे ठरते. पुढचे विमान की परतावा, हेही तेथेच विचारून घ्या. समाधान झाले नाही तर बोर्डिंग पास किंवा तिकिटाच्या प्रतीसह एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.